गांगुर्डेकाकांचं संमतीपत्र

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरचे पेडणेकर उगवत्या सूर्याचा फोटो टाकतात. त्यावर 'सुप्रभात' लिहिलेलं असतं, कोपऱ्यात एक गुलाब असतो आणि खाली एखादा सुविचार. दोन मिनिटांच्या आत त्याखाली तळमजल्यावरच्या गांगुर्डेकाकांचा प्रश्न येतो, "कोणाला विचारलंत?"

पहिल्यांदा पेडणेकरांना वाटलं, सुविचार वाचून काकांना काहीतरी आध्यात्मिक शंका आली आहे. त्यांनी "स्वतःच्या मनाला" असं उत्तर दिलं. काकांनी लगेच लिहिलं, "मनाचं राहू द्या. फोटो काढणाऱ्याला विचारलंत का?" पेडणेकर म्हणाले, अहो सूर्य आहे तो, सगळ्यांचाच आहे. काकांचं उत्तर, "सूर्य सगळ्यांचा. फोटो एकाचा." त्यानंतर ग्रुपवर जी शांतता पसरली ती पाण्याच्या टँकरची विचारणा सुरू होईपर्यंत कुणी मोडली नाही.

पुढे लोकांनी 'मैत्री सोसायटी - फक्त गंमत' नावाचा दुसरा ग्रुप काढला आणि त्यात काकांना घेतलं नाही. कविता, रेसिप्या, दिवाळी अंकांच्या पीडीएफ, नव्या सिनेमांच्या लिंका, सगळं तिकडे जायला लागलं. काकांना हे ठाऊक आहे. जिन्यात कुणी मोबाइल बघून हसत असलं की ते थांबतात आणि अगदी सौम्यपणे विचारतात, "चोरबाजारात आज काय आलंय?"

मी त्यांच्या डोक्यावर राहते, म्हणजे पहिल्या मजल्यावर. कल्याण पूर्वेला आमची ही चार मजल्यांची इमारत. मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून काका मला बाई म्हणतात. त्यांचं वय अडुसष्ट. अंगाने काडी. शर्टाच्या खिशात दोन पेनं, कारण एक चाललं नाही तर सही राहून जायला नको. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी नागपूरला असते, ती रोज संध्याकाळी फोन करून जेवलात का विचारते आणि काका रोज 'हो' म्हणतात. त्यातले निम्मे 'हो' खोटे असतात हे मला वरून वासावरून कळतं.

पण डेपोतल्या नोकरीच्या आधी काकांचं कल्याण स्टेशनच्या बाहेर एक दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. बाहेर पाटी, 'कॅसेट भरून मिळतील.' आताच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. तुम्ही गाण्यांची यादी कागदावर लिहून न्यायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची, आणि दोन दिवसांनी ती गाणी भरलेली कॅसेट घेऊन यायची. गाणी कुणाची, हक्क कुणाचे, हे ना भरणारा विचारायचा ना भरून घेणारा. लग्न ठरलं की पोरं-पोरी एकमेकांना कॅसेट भरून द्यायचे. माझ्या वहिनीकडे तशी एक अजून आहे, नवरा बदलला असता तरी तिने कॅसेट बदलली नसती.

संध्याकाळी दुकान बंद केलं की काका टेपरेकॉर्डर खांद्याला लावून गायन पार्ट्यांच्या कार्यक्रमांना जायचे. कल्याण, शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ. भीमजयंतीचे जलसे, बुद्धपौर्णिमेचे कार्यक्रम, लग्नातली गाणी, भजनं, सवाल-जवाब. गाणारे कारखान्यातले कामगार, सफाई कामगार, भाजीवाल्या, शिक्षक. त्यातल्या बहुतेकांचा आवाज दुसऱ्या कुणी कधी रेकॉर्ड केलाच नाही. त्या सगळ्या कॅसेटी काकांच्या बाहेरच्या खोलीत चपलांच्या खोक्यांतून छतापर्यंत रचलेल्या आहेत. निवृत्त झाल्यावर काका कॉम्प्युटर शिकले, एकेक कॅसेट साफ करून त्यात उतरवली, आणि ती गाणी आता ते इंटरनेटवर फुकट टाकतात. कुणीही ऐकावं, कुणीही उतरवून घ्यावं.

फक्त एक अट. गाणाऱ्याची सही असल्याशिवाय काका एक ओळ बाहेर जाऊ देत नाहीत.

त्यासाठी त्यांनी स्वतः एक संमतीपत्र तयार केलं आहे. कायद्याचं पुस्तक त्यांच्याकडे आहे, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं, आणि लेखक वारल्यावर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो हे ते दूधवाल्यालाही सांगतात. संमतीपत्राची सुरुवात अशी: 'मी खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत असून, यशवंत गांगुर्डे यांनी मला कोणतीही गळ घातलेली नाही.' या कलमापायी काका सही होण्याआधी कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत. चहा प्यालं की समोरच्याला 'नाही' म्हणायला जड जातं, असं त्यांचं म्हणणं. नकार मिळाला तर मात्र लगेच घेतात, कारण मग गळ घालण्यासारखं काही उरलेलं नसतं. गाणारा हयात नसला की ते त्याची मुलं शोधतात. एका ढोलकीवाल्याची तिन्ही मुलं तीन गावांना आणि आपसांत बोलणं बंद. काकांनी तिघांच्या सह्या एकाच कागदावर घेतल्या. त्यात पावणेदोन वर्षं गेली, पण त्या निमित्ताने दोन भाऊ बोलायला लागले. तिसरा अजून बोलत नाही, मात्र सही त्याचीच सगळ्यांत सुरेख आहे.

माझा आणि काकांचा पहिला खटका उडाला तो झेरॉक्सवरून. आमच्या शाळेतल्या मुलांना गाईड परवडत नाही. मी एका चांगल्या पुस्तकातली तीन प्रकरणं झेरॉक्स करून वर्गात वाटायची ठरवली होती. गठ्ठा घेऊन गेटात शिरले तर काका समोर. "कोणाला विचारलंत?" मी दिवसभर सत्तर पोरांपुढे ओरडून आले होते. मी म्हटलं, "काका, गरीब मुलांना शिकवायला परवानगी लागते का? ज्ञान सगळ्यांचं असतं."

"असतं ना," काका म्हणाले. "पण लिहिलं कुणीतरी एकट्याने बसून. बाई, तुम्हाला चोरायचंय ना, चोरा. माझी हरकत नाही. पण आधी विचारून चोरा."

आता विचारून केलेली चोरी ही चोरी कशी होईल, हे मला आजही कळलेलं नाही. पण रागारागात मी त्या पुस्तकाच्या लेखकाचा पत्ता शोधला. ठाण्यातलेच निघाले, निवृत्त शिक्षक. मी चार ओळींचं पत्र टाकलं, 'खालच्या मजल्यावरच्या गांगुर्डेकाकांनी विचारायला लावलं' हेही त्यात लिहिलं. आठव्या दिवशी ते गृहस्थ स्वतः शाळेत हजर. छत्री, पिशवी, पिशवीत पुस्तकाच्या उरलेल्या सगळ्या प्रती. म्हणाले, "इतक्या वर्षांत झेरॉक्स हजारोंनी काढली असेल, विचारलं कुणीच नव्हतं." मुलांना त्यांनी दोन तास प्रकाशाचं परावर्तन शिकवलं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं. मी हे घरी येऊन काकांना सांगितलं नाही. त्यांना ते आधीच कळलं होतं, कारण त्या गृहस्थांनी परतताना पत्ता विचारत येऊन त्यांच्याकडे चहा घेतला होता.

सगळ्याच गोष्टी इतक्या गोड झाल्या नाहीत. एकदा मेच्या सुट्टीत सोसायटीच्या मंडळींनी गच्चीवर पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरवलं. सिनेमा अर्थात उतरवलेला. काकांनी विरोध केला नाही, फक्त निर्मात्याला पत्र लिहिलं आणि उत्तर येईपर्यंत थांबा म्हणाले. कोण थांबतंय? शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी भेळ खात सिनेमा पाहिला. काका खाली दार लावून बसले. तीन आठवड्यांनी निर्मात्याच्या कचेरीतून खरोखर उत्तर आलं. आपल्या रहिवाशांसाठी एकदा दाखवायला हरकत नाही, शुभेच्छा. काकांनी ते पत्र फलकावर लावलं, पेडणेकरांकडून प्रोजेक्टर मागून घेतला, विचारून, आणि गच्चीवर एकट्याने खुर्ची टाकून तो सिनेमा पाहिला. मी वाळलेले कपडे काढायला गेले तर मध्यंतर चाललं होतं. मध्यंतरात काका पडद्याकडे पाठ करून पाय मोकळे करत होते.

हसू येतं ना? मलाही यायचं. मग मी एकदा त्यांच्याबरोबर डोंबिवलीजवळच्या एका गावात गेले आणि हसणं जरा कमी झालं. तिथे हिराबाय नावाच्या म्हाताऱ्या धवलारीण राहतात. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवले गातात, ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. चाळीसेक वर्षांपूर्वी एका हळदीत काकांनी त्यांचा आवाज टिपला होता. काकांनी ओसरीवर बसून कॅसेट ऐकवली. हिराबाय ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गानी माजी नाय रं. माजे आयशीनं शिकवली. तिला तिचे आयशीनं. मी कशी सई देऊ?"

काका म्हणाले, "गाणी त्यांची, पण आवाज तुमचा आहे ना. आवाजापुरती द्या."

"आवाज पन आयशीचाच हाय," हिराबाय म्हणाल्या.

काकांच्या कायद्याच्या पुस्तकात याला कलम नव्हतं.  मग त्यांनी खिशातलं पेन काढून संमतीपत्राच्या खाली आपल्या हाताने एक ओळ वाढवली. हिराबायने हसत हसत अंगठा दिला. आज ती गाणी इंटरनेटवर आहेत आणि त्याखाली लिहिलंय, 'आवाज: हिराबाय, आईकडून आलेला.' हे वाचून मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं की हा माणूस माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. माझी ऐट बघून एकीने विचारलं, नातेवाईक आहेत का गं? मी 'हो' म्हणून टाकलं.

आता ज्या गाण्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्याच्याकडे येते. 'पाटी दे गं आई, चुलीपाशी नको बसवू' हे गाणं तुम्ही नक्की ऐकलं असेल. मिरवणुकीत, शाळेत, रीलमध्ये. आज ते लावलंत तर त्याखाली 'मूळ गायिका: इंदू उबाळे' असं दिसतं. गेल्या वर्षापर्यंत तिथे 'पारंपरिक' असं होतं. ते बदललं कसं, आणि ते बदलायला आमच्या काकांना काय द्यावं लागलं, तेवढं सांगते.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी सातवीच्या मुलींचा नाच याच गाण्यावर बसवला. एका कंपनीने नव्या गायिकेकडून गाऊन घेतलेलं, ढोल-ताशा घातलेलं, फोनवर सगळीकडे वाजत होतं. कार्यक्रमपत्रिकेवर मी स्वतः छापलं, 'पारंपरिक गीत'. काकांना मोठ्या मानाने पहिल्या रांगेत बसवलं होतं. मुली नाचत होत्या, पालक टाळ्या वाजवत होते, आणि काका उठले आणि खाली मान घालून चालते झाले.

मला भयंकर राग आला. मुली विचारायला लागल्या, आमचं काही चुकलं का? संध्याकाळी मी तावातावाने त्यांच्या दारात गेले. "काका, तुमचं 'कोणाला विचारलंत' घरात ठेवा. पोरींच्या नाचावरून उठून जाता?"

काका म्हणाले, "बाई, बसा. पोरी छान नाचल्या. ते गाणं पारंपरिक नाही. ते इंदूताईंचं आहे. आणि ते पारंपरिक मी केलंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. चाळीस वर्षांपूर्वी शहाडला इंदू उबाळे नावाची एक बाई राहायची. नवरा कारखान्यात, ती घरी शिवणकाम करायची आणि गायन पार्टीत गायची. स्वतःची गाणी स्वतः रचायची. एका वर्षी हातातल्या पाटल्या मोडून तिने आपल्या आठ गाण्यांची कॅसेट काढली. वर तिचं नाव, तिचा फोटो. जयंतीला पंधरा दिवस असताना तिने पहिली कॅसेट काकांना आणून दिली. 'यशवंता, तुझा कान चांगला आहे, आवाज कसा आलाय ते सांग.'

"मी ऐकली आणि वेडा झालो," काका म्हणाले. "असा आवाज, बाई! आपल्या कल्याणचा! मित्र दुकानात आला, त्याला ऐकवली. तो म्हणाला, मला भरून दे. दिली. त्याच्या मंडळाने ऐकली, ते दहा जण आले. त्यांना दिली. मी कोणाला नाही म्हटलं नाही. मला वाटत होतं मी इंदूताईंचं नाव करतोय."

"पैसे घेतले होते?" मी विचारलं.

"भरणावळ घेतली. तेच तर," काका म्हणाले. "आणि वर लेबल लावायचं राहिलं नाही, ते लावलं. बॉलपेनने लिहिलं, 'जयंती नवीन'. प्रत्येक कॅसेटवर तेवढंच. नाव लिहायचं सुचलंच नाही. मला वाटलं, आवाज ऐकून कळेलच ना सगळ्यांना."

जयंतीच्या दिवशी ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत मंडपामंडपांत तेच गाणं वाजलं. लोक ते 'जयंती नवीनवालं गाणं' म्हणून मागायला लागले. दुसऱ्या पार्ट्यांनी ते उचललं, तिसऱ्यांनी दोन कडवी बदलली, आणि कुणी गायलं, कुणी रचलं, हे कुणाला ठाऊक राहिलं नाही. इंदूताईंची खोकी तशीच घरात पडून राहिली. त्यांनी दुसरी कॅसेट कधी काढली नाही. दुकान काकांनी त्या दिवाळीतच बंद केलं.

काकांनी एक फाईल माझ्यापुढे ठेवली. तीत दहा संमतीपत्रं होती, दहा वर्षांची. दरवर्षी जयंतीच्या आधीच्या रविवारी काका टिटवाळ्याला इंदूताईंकडे जातात आणि त्यांची मूळ कॅसेट त्यांच्या नावाने जगापुढे ठेवायची परवानगी मागतात. दहाही कागदांवर सहीच्या जागी एकच शब्द होता, 'नाही', आणि खाली तारीख. दरवेळी व्यवसायाचा रकाना कोरा.

"काका, ही कंपनी गाणं हडपून बसली आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे मूळ कॅसेट आहे. आत्ता टाका ती. परवानगी कसली बघता?"

काकांनी फाईल मिटून मांडीवर घेतली. "एकदा न विचारता टाकली होती," ते म्हणाले.

कंपनीला इंग्रजीत मेल लिहायचं काम मी माझ्याकडे घेतलं. उत्तर आलं, मूळ रेकॉर्डिंग आणि गायिकेचं लेखी पत्र असेल तर विचार करू. म्हणजे पुन्हा सहीच. यंदा जयंतीच्या आधीच्या रविवारी काकांबरोबर मीही निघाले. काकांनी शर्टाला इस्त्री केली होती आणि पेनं तीन घेतली होती.

इंदूताई टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. मुलगा-सून बेंगळुरूला. पंच्याहत्तरीची बाई, पण दार उघडलं तेच खणखणीत आवाजात. "आलास का यशवंता? जयभीम. ही कोण? या वर्षी साक्षीदार आणलास होय?"

काकांनी संमतीपत्र टेबलावर ठेवलं. इंदूताईंनी त्याकडे बघितलंही नाही. "राहू दे तिथं," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी मदतीच्या निमित्ताने मागोमाग गेले. ओट्यावर ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड आणि बोंबलाची चटणी तयार होती. एकट्या बाईने इतकं सकाळपासून कुणासाठी केलं होतं ते विचारायची गरज नव्हती.

"ताई, काकांनी ते फार मनाला लावून घेतलंय," मी म्हटलं.

"घ्यायलाच पायजे," इंदूताई म्हणाल्या. "त्या जयंतीला चौकाचौकात माझा आवाज, आणि मी खोकं घेऊन मंडपामंडपांत फिरतेय. जो तो म्हणायचा, बाई, आहे आमच्याकडं ही. एका ठिकाणी मी म्हटलं, अरे बाबा, ही मीच गातेय. तर तो म्हणाला, सगळ्याच म्हणतात." त्या थोडा वेळ भाकरी थापत राहिल्या. "गाणं पोचलं बाई सगळीकडं. मी नाय पोचले."

"अजून राग आहे?"

"राग किती वर्षं पुरणार? कधीच गेला."

"मग सही का देत नाही?"

इंदूताईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "सही दिली की त्याची फाईल बंद. मग कोण येतंय टिटवाळ्याला? माझ्या सुनेला माहितीये की सासूबाई भाकरी चांगली करतात. नातवाला माहितीये की आजीला ऐकू जरा कमी येतं. मी गायची, हे माहिती असलेला एकच माणूस वर्षातनं एकदा माझ्या दारात येतो. त्याला सही देऊन वाटेला लावू?"

 मी ताटं घेऊन बाहेर आले.

बाहेर काका पाठ ताठ करून बसले होते, शाळेत तोंडी परीक्षेला बसल्यासारखे. इंदूताई समोर बसल्या. काकांनी त्यांना कंपनीचं सगळं सांगितलं. नवं गाणं इंदूताईंनी ऐकलं होतं. "पोरगी बरी गायलीये," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या कडव्यात श्वास चुकलाय. मी तिथं घेतच नव्हते."

"त्यांनी ते पारंपरिक म्हणून टाकलंय, ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाचंच नाही. कुणी रचलं नाही, कुणी गायलं नाही. आपोआप आलं."

"कुणाचंच नाही?" इंदूताईंचा आवाज चढला. "शिलाई मशिनवर बसून रचलंय मी ते. पोरगं मांडीवर घेऊन."

काका म्हणाले, "मला माफ करू नका, ताई. ते मी मागत नाही, त्या कागदात तसं कलमही नाही. नाव तेवढं घेऊ द्या."

इंदूताई उठल्या, चष्मा घेऊन आल्या आणि त्या दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी संमतीपत्र वाचायला घेतलं. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. आपलं नाव लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबल्या. मग मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं, 'गायिका'.  मला ती बाई अर्ध्या तासापूर्वी भेटली होती, पण तिचा मला इतका अभिमान वाटला, जणू माझ्याच घरातलं कुणी आहे.

पुढे आठ गाण्यांची यादी होती. इंदूताईंनी पहिलं, 'पाटी दे गं आई', तसंच ठेवलं आणि खालची सातही एकेक करून खोडली. मग खाली सही केली.

"ताई, हे काय?" काका घाबरले. "संमती आठही गाण्यांची हवी होती."

"मला वाचता येतं. आज एकच घे. उरलेली सात दरवर्षी एकेक देईन. ये विचारायला."

"सात वर्षं? ताई, मी अडुसष्टचा आहे."

"मग मी काय वीसची आहे? मला घाई नाय. तुला आहे का?"

काकांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. संमतीपत्र हातात घेऊन वरपासून खालपर्यंत तपासलं आणि घसा साफ करून म्हणाले, "खाडाखोड झालीय. प्रत्येक खोडलेल्या गाण्याशेजारी तुमची छोटी सही लागेल."

इंदूताईंनी पेन उचललं. एक, दोन, तीन, त्या करत गेल्या. काका शेजारी वाकून प्रत्येक सहीवर बोट ठेवत मोजत होते. सातवी झाली तशी त्यांनी कागद छातीशी धरला आणि मी त्यांना पहिल्यांदाच कुणाकडे काही मागताना पाहिलं जे कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "पुढच्या वर्षीचं आज जरा गुणगुणून दाखवता?"